प्रिझम आलं नाही

नारीनहून खोकं आलं. त्यात चाळीस कंपासपेट्या
आणि एक चिठ्ठी: प्रिझम पुढच्या खेपेला.
पुढची खेप म्हणजे खिंड उघडल्यावर, म्हणजे मे.
मी खोकं चुलीमागे सरकवलं
आणि बेगिमाईला म्हटलं, घरून परात आण,
दुधाची नको, धुण्याची.

खिडकीला नमद्याचं कांबळं ठोकलं.
तेमिरकुलला सांगितलं, बोटभर भोक पाड.
दोन बोटं मावतील एवढं पडलं, कारण तो तेमिरकुल आहे.
ऊन आत आलं, चुलीचा धूर त्यात दिसू लागला.
परातीतल्या पाण्यात नवऱ्याचा दाढीचा आरसा
मी तिरका बुडवला.
छतावर काही नाही.
अजून तिरका. काही नाही.
मग आयझिरेकचं कोपर लागलं, आरसा घसरला,
आणि तुळईवर, जिथे पाणी गळून डाग पडलाय,
वीतभर पट्टा थरथरत उभा राहिला.

कुणी बोललं नाही.
मग सगळे एकदम बोलले.
तेमिरकुल बाकावर चढला, टोपी काढून पट्ट्यावर दाबली.
रंग टोपीच्या पाठीवर आले.
हाताला काहीच लागेना, म्हणून तो रागावला.

किती रंग, मी विचारलं.
पुस्तकात सात.
आमच्या भाषेत आभाळ कोक आणि गवतही कोक,
म्हणून धाकटी आयपेरी पाचवर थांबली.
मी ते खोडलं नाही.

पुस्तक म्हणतं, सात रंगांची चकती फिरवा, पांढरी दिसेल.
आम्ही पुठ्ठा कापला, रंगवला,
दोऱ्यात ओवून भिंगरीसारखा ओढला.
"राख," नुरदोलत म्हणाला.
नीट बघ, पांढरीच आहे,
हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं.
"हो, राखच," मी म्हटलं.
"कागदावरचा प्रत्येक रंग थोडा उजेड खातो.
सगळे मिळून बराच खातात."
"मग न खाणारे आण की."

दुसऱ्या दिवशी तीन टॉर्च आले,
लांडग्यांसाठी मेंढवाड्यात टांगतात ते.
त्यांच्या तोंडाला चॉकलेटचे चकचकीत कागद:
लाल, हिरवा, निळा.
भोक बोळ्यानं बुजवलं.
भिंतीवर तीन वर्तुळं, दबकत दबकत जवळ सरकली,
आणि तिघांनी एकमेकांवर पाय दिला तिथे
आक, बेगिमाई कुजबुजली.
पांढऱ्याला आम्ही आक म्हणतो, दुधालाही आकच,
आणि दूध जमिनीवर सांडू देत नाही.
तिनं नकळत ओंजळ पुढे केली.
भिंतीवर तिच्या सावल्या पडल्या, तीन,
पिवळी, मोरपंखी, गुलाबी.
एकही काळी नाही.

तेव्हा नुरदोलत म्हणाला,
"पण यातले दोन टॉर्च तर एकच आहेत."
पोरं हसली. तो हसला नाही.
मी पाठमोरी होऊन लाल-हिरव्याची अदलाबदल केली, चार वेळा.
"हा पेंगुळलेला," तो दर वेळी सांगे, "हा जरा जागा."
चारही वेळा पेंगुळलेला म्हणजे लाल.
"आणि मधला?"
"पांढरा," तो वैतागून म्हणाला,
जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

रात्री त्याची वही काढली.
तो शिसपेन्सिलीनं लिहितो, गिचमिड.
दोन वर्षं मी त्यात लाल ठिपके दिले,
बारीक, अक्षरांच्या पोटात,
आणि सांगितलं, लाल दिसेल तेवढं सुधार.
त्यानं काहीच सुधारलं नव्हतं.
शेवटच्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय: बेफिकीर.
तेही लालच.
तेवढं मात्र त्याला वाचता आलं असणार.

घरात शोधलं. निळं पेन एक सापडलं, वाळलेलं,
जिभेला लावल्यावर चालू लागलं.
परात अजून शाळेतच आहे.
बेगिमाईच्या आईचा निरोप आलाय,
धुणं दोन दिवस अडलंय म्हणून.